रेवा : एका नावाचं वाचन

बाळ नऊ तासांचं असताना दादाने फॅमिली ग्रुपवर एक गूगल शीट टाकली. फाइलचं नाव ‘नावं फायनल’. आत ४१ ओळी आणि सहा रकाने: नाव, इंग्रजी स्पेलिंग, अर्थ, आईचं मत, बाबांचं मत, शेरा. खाली दादाचा मेसेज होता, “तू आत्या आहेस. बारशाला कानात तूच सांगणार. तेव्हा नंतर कुरकुर नको, आत्ताच बोल.”

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचा आणि त्यावर शेरे मारायचे, हा माझ्या नोकरीचा बराचसा भाग आहे. त्यामुळे ती शीट मी त्याच नजरेने वाचायला घेतली. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ४१ पैकी निम्म्याहून जास्त नावं निसर्गातली होती. अवनी, पालवी, सरी, मेघना, सायली, आर्द्रा, वृंदा, जान्हवी, रेवा. दुसरी गोष्ट अशी, की ‘अर्थ’ हा रकाना सगळ्यात अरुंद होता. बहुतेक ठिकाणी एकच शब्द. अवनी: पृथ्वी. सरी: पाऊस. रेवा: नर्मदा नदी, चपळ.

आठवड्याभरात ४१ची ११ झाली, ११ची तीन झाली, आणि मग रेवावर सगळ्यांचं एकमत झालं. माझंही. नाव ऐकताक्षणी आवडतं, हे मी नाकारत नाही. पण ते का आवडतं आणि त्या अरुंद रकान्यात काय काय मावलं नाही, हे बघितल्याशिवाय एखाद्याच्या कानात काही सांगणं मला जमेना. पुढचा मजकूर म्हणजे दोन अक्षरांच्या एका शब्दाचं परीक्षण आहे. पुस्तकाचं करतात तसंच.

आधी आवाज

नाव हे आधी ऐकायचं असतं, अर्थ नंतर येतो. रेवा या शब्दात जोडाक्षर नाही, रफार नाही, कुठेही जीभ अडखळत नाही. ‘रे’ हा सूर आहे आणि मराठीत हाक मारण्याचा प्रत्ययही आहे. ‘वा’ म्हणजे तर दादच. ‘अरे वा!’ या उद्गारात रेवा आधीपासून बसलेली आहे, आणि शाळेतली पोरं हा विनोद पहिल्याच आठवड्यात शोधून काढतील याची मला खात्री आहे. चिडवण्याच्या यादीत यापेक्षा बरं काही मिळणं अवघड.

शेवटचा दीर्घ ‘आ’ महत्त्वाचा. गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मुलीला हाक मारायची तर शेवटचा स्वर लांबवता यायला हवा. रेवाऽऽ असं सहज होतं. शिवाय याहून लहान करता येत नाही. मोठ्या नावांचं घरात काहीतरी छोटं होतं, मग शाळेत एक आणि घरी एक अशी दोन माणसं तयार होतात. इथे तो धोका कमी.

आणि इंग्रजी स्पेलिंग. चार अक्षरं, जसं लिहिलं तसं वाचायचं. वहिनीची बहीण टोरांटोला असते. तिच्या मुलाचं नाव ऋग्वेद आहे, आणि तिथल्या हजेरीत त्याचं रोज काहीतरी नवीन होतं. वहिनीने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘एअरपोर्ट टेस्ट पास’. म्हणजे जगातल्या कुठल्याही विमानतळावर लाउडस्पीकरवरून कुणीही पुकारलं तरी पोरीला कळेल की आपल्यालाच बोलावतायत.

ही कसोटी हसण्यावारी नेऊ नये. आमच्या पिढीच्या नावांच्या निवडीत ती सगळ्यात निर्णायक आहे, आणि ती उघड कुणी बोलून दाखवत नाही. आपण सांगताना सांगतो की नावाचा अर्थ सुंदर आहे. निवडताना आधी बघतो की ते पासपोर्टवर कसं दिसेल. नर्मदा आणि रेवा या एकाच नदीच्या दोन नावांपैकी नर्मदा आमच्या शीटमध्ये कधी आलंच नाही. रफार, मधला ‘म’, शेवटी ‘दा’. अर्थ तर तिचाही छान आहे: नर्म म्हणजे आनंद किंवा थट्टामस्करी, ती देणारी. तरी नर्मदा म्हटलं की डोळ्यांसमोर नऊवारी येते आणि रेवा म्हटलं की पाठीवर छोटी सॅक.

निसर्गाची नावं नवीन नाहीत

‘आजकाल लोक निसर्गातली नावं ठेवतात’ असं आपण म्हणतो. त्यातला ‘आजकाल’ चुकीचा आहे. आपल्या पणज्यांची नावं आठवा. गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, भागीरथी, चंद्रभागा, तुळसा. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीतल्या बायकांची यादी केली तर अर्धा भूगोल पाठ होईल. पुरुषांमध्ये दगडू आणि धोंडू. दगड हाही निसर्गच की. मुलं जगत नसत तेव्हा असं नाव ठेवायचे, की मृत्यूला वाटावं हा तर दगड आहे, याला नेऊन काय करायचं. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं. दया पवारांचं कागदावरचं नाव दगडू मारुती पवार. १९७८ सालच्या ‘बलुतं’मध्ये दगडू पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन नावं एकमेकांसमोर बसवलेली आहेत, आणि त्या दोन नावांमधलं अंतर हाच त्या पुस्तकाचा एक मोठा भाग आहे. नाव बदललं की माणूस बदलतो का, आणि नाही बदलला तर नाव कशाला बदललं, हा प्रश्न तिथे वाचताना सतत टोचत राहतो.

म्हणजे निसर्ग पूर्वीही होता. बदललं काय, तर निवड. तेव्हाच्या नावांत दगड होता, आताच्या नावांत दव, सर आणि पालवी आहे. तेव्हा नाव ठेवताना भीती होती, नवस होता, तीर्थयात्रा होती. आता सौंदर्य आहे. हे वाईट झालं असं मी म्हणत नाही. मुलं जगतात म्हणून आपल्याला दगडूची गरज उरली नाही, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण आणखी एक बदल आहे आणि तो मला खुपतो. आमच्या शीटमध्ये गंगा नव्हती, जान्हवी होती. यमुना नव्हती, कालिंदी होती. धरती नव्हती, अवनी होती. तुळस नव्हती, वृंदा होती. आणि नर्मदा नव्हती, रेवा होती. वस्तू तीच, फक्त कोशातला दुसरा शब्द उचललेला. अमरकोशात या नदीचे प्रतिशब्द म्हणून नर्मदा, रेवा, सोमोद्भवा, मेकलकन्यका अशी नावं शेजारी शेजारी दिलेली आहेत. कोशात ती समान आहेत. आपल्या सोसायटीत नाहीत. गंगूबाई म्हटलं की आपल्या नाटक-सिनेमांनी कुणाचं चित्र उभं केलंय, ते आठवून बघा. लिफ्टमध्ये गंगा भेटली तर ती कामाला आलेली असते आणि जान्हवी भेटली तर ती क्लासला चाललेली असते, असं आपण न बोलता धरून चालतो.

तेव्हा ‘निसर्गाशी जवळीक’ हे या नावांचं कारण म्हणून सांगितलं जातं, ते मला अर्धंच खरं वाटतं. नदी हवी आहे, पण जिच्यात गावातल्या बायका धुणं धुतात ती नको. जी कोशात वाहते ती हवी.

हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मग काय दगडूबाई ठेवू?” मी म्हटलं, मुद्दा तो नाही. तो म्हणाला, “मुद्दा काय आहे ते शेऱ्यात लिही,” आणि फोन ठेवला.

मनू आणि आजी

नावांच्या नियमांबद्दल वाचताना मनुस्मृतीत दोन गोष्टी सापडल्या. दुसऱ्या अध्यायात (२.३३) मुलींची नावं कशी असावीत हे सांगितलंय: उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनाला आवडणारं, मंगल, शेवटी दीर्घ स्वर. वाचून हसू आलं, कारण आमच्या शीटचे निकष साधारण हेच होते. विमानतळ सोडला तर. पुढे तिसऱ्या अध्यायात (३.९) कुठल्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. त्यात नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, पर्वताचं, पक्ष्याचं, सापाचं नाव असलेल्या मुली आहेत. म्हणजे आमची जवळजवळ अख्खी शीट बाद.

रेवा पहिल्या नियमात पैकीच्या पैकी गुण मिळवते आणि दुसऱ्यात नापास होते. महाराष्ट्राने हा दुसरा नियम किती मनावर घेतला, ते वरच्या गंगा-गोदांच्या यादीवरून दिसतंच. ग्रंथ काहीही म्हणो, लोकांनी नद्यांची नावं मुलींना ठेवली आणि त्या मुलींची लग्नंही केली.

इथे माझी आजी येते. आजी म्हणजे वडिलांची आई. तिला आम्ही सुमती म्हणून ओळखतो. रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, आधार, सगळीकडे सुमती. नाव ठरल्यावर मी तिला सांगायला गेले. म्हटलं, “आजी, रेवा ठरलंय. रेवा म्हणजे...”

“नर्मदा,” ती म्हणाली. “माहितीये. माझंच नाव. इस्त्री करून आणलंय.”

मला हे माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. आजीचं माहेर शहाद्याचं. तिच्या जन्माच्या आधी तिचे वडील खेतियावरून बडवानीला गेले होते, राजघाटावर नर्मदेत स्नान करायला. परत आले तर घरात मुलगी. म्हणून नर्मदा. अठरा वर्षं ती नर्मदा होती. १९६० साली लग्न झालं आणि तांदळाच्या ताटात अंगठीने सुमती असं लिहिलं गेलं.

“का बदललं?” मी विचारलं.

“आमच्या सासूबाई गोदावरी. एका घरात दोन नद्या कशाला, असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. झालं.”

“तुला काय वाटलं?”

“अगं, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का, की आता आठवून सांगू?” मग थोडं थांबून म्हणाली, “माहेरी गेले की आई नर्मदे अशी हाक मारायची. ती गेल्यावर ते नाव कुणाच्या तोंडात राहिलं नाही.”

मनूच्या यादीपायी नव्हे, तर एका विनोदापायी माझ्या आजीचं नाव गेलं. बायकांची नावं लग्नात बदलण्याच्या प्रथेवर मी कॉलेजात असताना तावातावाने बोलायचे, आणि घरात एक अख्खी नदी गायब झालेली होती त्याचा मला पत्ता नव्हता.

कवींची रेवा

‘चपळ’ हा शीटमधला अर्थ कुठून आला, तेही पाहिलं. संस्कृतात ‘रेव्’ असा धातू आहे, त्याचा अर्थ उड्या मारत जाणं. जी उसळत, झेपावत जाते ती रेवा. नकाशा बघितला तर नाव पटतं. अमरकंटकच्या पठारावर उगम, मग कपिलधारेचा धबधबा, जबलपूरजवळ भेडाघाटला धुवांधार, आणि एका बाजूला विंध्य, दुसऱ्या बाजूला सातपुडा. दोन डोंगररांगांच्या मधल्या खचदरीतून ती पश्चिमेकडे जाते आणि १,३१२ किलोमीटर वाहून भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. खडकाळ पात्र, जागोजागी उतार. उड्या मारल्याशिवाय तिला गत्यंतरच नव्हतं.

कालिदासाने मेघदूतात रेवा हेच नाव वापरलंय. यक्ष ढगाला वाट सांगताना म्हणतो, की विंध्याच्या पायथ्याशी दगडाधोंड्यांत विखुरलेली रेवा तुला दिसेल. वरून पाहिलं तर ती हत्तीच्या अंगावर काढलेल्या नक्षीसारखी वाटेल. ही प्रतिमा मला फार महत्त्वाची वाटते. यात नदी अखंड, गुळगुळीत, नाजूक नाही. ती फुटलेली आहे. दगडांनी अडवल्यामुळे तिच्या अनेक धारा झाल्या आहेत आणि नक्षी त्या अडवण्यातून तयार झाली आहे. नावांच्या यादीतला ‘चपळ’ वाचून डोळ्यांपुढे बागडणारी परी येते. कालिदासाची रेवा खडकांशी झगडून पुढे जाणारी आहे. नाव गोड आहे, पण नाव ज्याला दिलं ते गोड नव्हतं.

दुसरा संदर्भ मम्मटाच्या काव्यप्रकाशात येतो. कविता म्हणजे काय, हे सांगताना अगदी सुरुवातीला तो एक श्लोक उदाहरण म्हणून देतो. तो शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर सांगतात. एक स्त्री म्हणते, सगळं तेच आहे: माणूस तोच, वसंतातल्या रात्री त्याच, फुलांचा वासही तोच, मी पण तीच. तरी मन ओढ घेतंय ते रेवेच्या काठावरच्या वेताच्या बेटाखाली. सगळं हाताशी असूनही जे हाती लागत नाही, त्याचं ठिकाण म्हणून त्या कवयित्रीला रेवेचा काठ सुचला.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते आणि मला आजी आठवली. घर आहे, माणसं आहेत, नाव आहे, पासबुक आहे. फक्त हाक नाही.

हजार-दीड हजार वर्षं कवींनी या दोन अक्षरांत एवढं साठवून ठेवलं आणि आमच्या रकान्यात त्यातला एक शब्द उतरला. या नावावर माझा पहिला आक्षेप हा आहे. खरं तर नावावर नाही, आम्ही ते ज्या घाईने वाचलं त्या घाईवर.

आज ती नदी कुठे आहे

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रोग्रॅमिंगमध्ये पॉइंटर नावाची एक गोष्ट असते. त्यात वस्तू नसते, वस्तू कुठे ठेवली आहे त्या जागेचा पत्ता असतो. कधीकधी असं होतं, की पत्ता तसाच राहतो आणि त्या जागेवरची वस्तू बदलते. प्रोग्रॅम मात्र जुन्या समजुतीत चालत राहतो. निसर्गावरून ठेवलेलं नाव मला अशा पॉइंटरसारखं वाटतं. अवनी हे नाव अजून पृथ्वीकडे बोट दाखवतं. पण २०१८च्या नोव्हेंबरपासून यवतमाळकडच्या माणसाला ते नाव ऐकून गोळी घालून मारलेली वाघीणही आठवते. पत्त्यावर काय आहे हे मधूनमधून जाऊन बघावं लागतं.

म्हणून मी रेवाचा पत्ता बघितला. महाराष्ट्राच्या वाट्याला ही नदी सुमारे ५४ किलोमीटर येते, नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत. सीमा ओलांडली की लगेच गुजरातेत केवडियाजवळ सरदार सरोवर धरण आहे. आजीचं नाव बदललं त्याच्या पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९६१ रोजी, पंडित नेहरूंनी त्याची पायाभरणी केली. मग राज्याराज्यांत पाण्यावरून भांडण, १९७९ साली लवादाचा निवाडा, नर्मदा बचाव आंदोलन, २००० साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, २०१७ साली लोकार्पण. उंची १३८.६८ मीटर. २०१९च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा पूर्ण भरलं.

धरणामागचा फुगवटा २१४ किलोमीटर लांब आहे. महाराष्ट्राच्या काठाने जाणारी सगळी नर्मदा त्यात येते. म्हणजे आपल्या राज्यात ही नदी आता कुठेच उड्या मारत नाही. तिथे स्थिर पाणी आहे. ‘उसळत जाणारी’ हा अर्थ मराठी मुलखापुरता तरी बुडालेला आहे. त्याच्यासोबत महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली हे त्यातलं सुरुवातीचं गाव. तिथे राहणारे भिल्ल आणि पावरा लोक वसाहतींमध्ये हलवले गेले, काही डोंगरात वर सरकले. लवादाच्या निवाड्यात २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी महाराष्ट्राला पाव दशलक्ष मिळालं आणि विजेत २७ टक्के हिस्सा. दुसरीकडे त्याच पाण्यावर कच्छ-सौराष्ट्रातल्या गावांची तहान भागली, तेही खरं आहे. हे धरण व्हायला हवं होतं का, या वादाचा निकाल एका बारशाच्या लेखात लागणार नाही. मला एवढंच म्हणायचंय, की ज्या शब्दावर हा सगळा इतिहास घडला, तो शब्द ‘क्यूट’ या शेऱ्याने पास करणं कमी पडतं.

मी तिथे गेलेले नाही. मी ती नदी लॅपटॉपवर पाहिली. गूगल अर्थमध्ये टाइमलॅप्स आहे, १९८४पासूनची उपग्रहचित्रं वर्षावार सरकवता येतात. सुरुवातीला डोंगरांमध्ये एक बारीक रेघ दिसते. मग ती जाड होते, मग तिला दोन्ही बाजूंनी फांद्या फुटतात, कारण पाणी प्रत्येक नाल्यातून मागे चढत जातं. शेवटी झाड आडवं पडल्यासारखा आकार दिसतो. मी तो स्लायडर बऱ्याच वेळा मागेपुढे केला. मागे नेला की नदी परत येते, पुढे नेला की जाते. मग आजीच्या वडिलांचा राजघाट शोधला. तिथे गांधीजींच्या अस्थींचं स्मारक होतं. पाणी येणार म्हणून २०१७ साली ते काढून दुसरीकडे न्यावं लागलं. ज्या घाटावरून माझ्या आजीला नाव मिळालं, तो घाटही आता पाण्याच्या हिशोबात गेलेला आहे.

वहिनीचं उत्तर

हे सगळं मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. दादाने अंगठा दाखवला, म्हणजे वाचलं नाही. वहिनीने वाचलं. रात्री दीडला, बाळाला पाजताना, एका हाताने टाइप केलेला तिचा मेसेज आला. थोडक्यात असा:

“तुझं सगळं बरोबर असेल. पण नाव म्हणजे प्रबंध नाही गं. मी नऊ महिने ओकत होते तेव्हा मला काहीतरी वाहतं, हलकं हवं होतं. रेवा म्हटलं की मला मोकळं वाटलं. बास. आणि गंगा नको, जान्हवी हवी, यात तू म्हणतेस तसं असेलही. पण नर्मदा ठेवलं तर तिला आयुष्यभर ‘आजीचं नाव का गं’ असं विचारतील. ते ओझं कुणी उचलायचं? तू?”

मी बराच वेळ उत्तर लिहीत आणि खोडत बसले. कारण तिचं म्हणणं खरं होतं. नावाची समीक्षा करणारी मी, पण ते नाव घेऊन वर्गात बसणारी ती मुलगी. आणि बाळंतीण माणसाला मोकळं वाटणं हाही शब्दाचा अर्थच आहे. तो कोशात नसतो एवढंच. शिवाय प्रत्येक सुंदर नावामागे काहीतरी बुडालेलं असतं म्हणून नावंच ठेवायची नाहीत म्हटलं, तर आपण पुन्हा दगडूवर येऊन थांबू.

मग माझा आग्रह काय उरला? तर एवढाच, की अर्थ खोटा सांगू नये. ती मोठी होऊन विचारेल, रेवा म्हणजे काय? तेव्हा ‘नर्मदा नदी, चपळ’ म्हणून हात झटकू नयेत. तिला सांगावं, की ही नदी उड्या मारायची. कवींनी तिला दगडांत फुटलेली पाहिली. आपल्याकडे ती आता थांबलेली आहे, आणि तिच्या काठावर जे राहत होते त्यांना उठावं लागलं. तुझ्या पणजीचं नाव हेच होतं, ते एका हशात पुसलं गेलं, आणि तू जन्मलीस तेव्हा नकळत परत आलं. निसर्गाचं नाव ठेवण्यात काही ओढ असेल तर ती यातच असायला हवी, की त्या नावाने आपण कशाची तरी चौकशी करत राहू. नुसतं सुंदर म्हणून ठेवलेलं नाव आणि भिंतीवरचा वॉलपेपर यात मला फारसा फरक दिसत नाही. चौकशी केली तर दिसतो.

मी वहिनीला एवढंच लिहिलं: “रेवाच. मी उचलते.”

बारसं

आमच्याकडे बारशाला एकच नाव सांगत नाहीत. ताटातल्या तांदळावर बाप दोन-तीन नावं लिहितो: कुलदेवतेचं, नक्षत्राचं, शेवटी व्यवहारातलं. गुरुजींनी दादाला विचारलं, अजून कुठलं घालायचं आहे का? दादा माझ्याकडे बघायला लागला. शेरा त्याने वाचला होता तर.

त्याने अंगठीने तांदळात ‘नर्मदा’ लिहिलं. रफार नीट येईना, तांदूळ सरकत होते. आजी खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, “म वर दे रे रफार. न वर नको देऊस.” पासष्ट वर्षांनी स्वतःच्या नावाचं शुद्धलेखन ती तपासत होती.

मग मी वाकले. मागून सगळ्यांनी पाठीत धपाटे घातले, त्यातला सगळ्यात जोरदार आजीचा होता. कुर्रर्र केलं आणि आधी एक नाव सांगितलं, मग दुसरं. बाळ झोपलेलंच होतं.

रात्री घरी आल्यावर मी शीट उघडली. आता एकच ओळ उरली होती. ‘अर्थ’ या रकान्यात मी वर लिहिलंय त्यातलं जमेल तेवढं भरलं. मजकूर रकान्यात मावेना, अर्धा झाकला गेला. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं तर वहिनीच्या नावाचा कर्सर तिथे लुकलुकत होता. तिने एक शब्दही बदलला नव्हता. रकाना रुंद केला होता.